सैन्याच्या पाक्षिकाला विषय कसा सुचवावा?

प्रश्न : मी मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालो. ‘सैनिक समाचार’साठी आमच्या भागातल्या सैनिकी परंपरेवर लिहावंसं वाटतं. पण तिथे अधिकाऱ्यांचंच छापतात ना? आणि पूर्ण लेखच पाठवायचा का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : हवालदारसाहेब, हुद्द्याची धास्ती सोडा. हे पाक्षिक १९०९ साली ‘फौजी अखबार’ म्हणून सुरू झालं, ते जवानांसाठीच. १९५४ मध्ये त्याचं नाव बदललं. संपादकाला हुद्द्यापेक्षा विषय महत्त्वाचा असतो.

पूर्ण लेख लिहिण्याआधी आठ-दहा ओळींचं पत्र पाठवा. ‘सैनिकी परंपरा’ एवढंच लिहिलंत तर संपादकाच्या हाती काही लागणार नाही. त्याऐवजी तुमच्याच सातारा जिल्ह्यातलं अपशिंगे गाव घ्या : पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांचं तिथलं स्मारक आणि त्यांच्या घरांतली आजची पिढी. कोणाशी बोलणार, फोटो कोणते मिळतील, हा विषय आत्ताच का, हे स्पष्ट सांगा. तुमची पलटण आणि सेवाकाळ एका ओळीत पुरे.

एक काळजी मात्र घ्याच. तैनाती, शस्त्रसामग्री, छावणीतले फोटो यांपासून दूर राहा. १९२३ चा शासकीय गोपनीयता कायदा निवृत्तीनंतरही लागू असतो. सेवेतल्या मित्राला सहलेखक करणार असाल, तर त्याने आधी वरिष्ठांमार्फत परवानगी घेतलीच पाहिजे. महिनाभरात उत्तर आलं नाही तर नम्र स्मरणपत्र पाठवा. तरीही नकार आला, तर हाच विषय एखाद्या दिवाळी अंकाला जरूर सुचवा.