पंगत आणि व्यासपीठ

गेल्या वर्षी माझ्याकडे दोन कामे होती. वसतिगृहातील ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या रविवारच्या शास्त्राभ्यासात बोलणे हे एक आणि मेसचे चिटणीसपद हे दुसरे. पहिल्याची मी रात्र रात्र तयारी करी; दुसरे आचाऱ्यावर सोपवून मोकळा झालो होतो. संध्याकाळी नोकरी करून नऊनंतर परतणाऱ्या पाच-सहा जणांना पुष्कळदा नुसत्या भातावर भागवावे लागे. त्यांपैकी एकजण एकदा म्हणाला, "दादा, तुम्ही बोलता छान, पण आमच्यासाठी चार पोळ्या झाकून ठेवायला सांगा ना." मी हसून वेळ मारून नेली.

पुढे 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा सहावा अध्याय नीट वाचला. (तोवर तो मी घाईने उलटीत असे, स्तेफनाचे भाषण सातव्यात आहे ना!) यरुशलेमेतील पहिल्या मंडळीत तक्रार उठली, की रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होते. त्यावर सातजण निवडण्यात आले. गंमत अशी, की स्तेफन, फिलिप्प, निकानोर, तीमोन अशी ही सातही नावे ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती वाटप गेले. आज किती संस्था एवढे धाडस करतील?

परंतु मी अडखळलो तो एका शब्दापाशी. मूळ ग्रीकमध्ये रोजच्या वाटपाला 'दियाकोनिया' म्हटले आहे आणि वचनाच्या सेवेलाही तोच शब्द आहे. प्रेषितांनी कामे वाटून घेतली, म्हणून पंगतीचे काम हलके, असा अर्थ काढणारे आहेत. मला तो पटत नाही. हलक्या कामासाठी कोणी चांगल्या लौकिकाची, शहाणी माणसे शोधून त्यांच्यावर हात ठेवून प्रार्थना करीत नाही.

आपल्याकडे या शब्दाचा अर्थ पंडिता रमाबाईंच्या केडगावात सापडतो. १८७८ साली कलकत्त्यात ज्यांना 'सरस्वती' ही पदवी मिळाली, त्याच रमाबाई १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली व विधवांना घेऊन आल्या. या साऱ्याजणींचे अन्नवस्त्र आणि दुखणीखुपणी पाहताना त्यांनी हिब्रू व ग्रीकवरून सबंध बायबल मराठीत आणण्याचे काम अंगावर घेतले. भाषा मात्र कमी शिकलेल्या बायकांना कळेल अशीच ठेवली. छपाईच्या कामाला हात लागले ते तेथल्याच बायकांचे. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी वारल्या. ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. त्यात पांडित्य कोठे संपते आणि वाढणे कोठे सुरू होते, हे मला तरी सांगता येणार नाही.

हे सगळे वाचून होईतो वर्ष संपत आले होते. एका रात्री नऊ वाजता मी मेसच्या स्वयंपाकघरात गेलो. उरणाऱ्या पिठाचा हिशेब वहीत नव्हताच, आणि दर आठवड्याला त्या वहीवर माझीच सही होती. त्या रविवारी बोलण्याचे काम मी दुसऱ्याला दिले आणि वही घेऊन आचाऱ्याजवळ बसलो. उशिरा येणाऱ्यांच्या पोळ्या तेव्हापासून वेगळ्या झाकून ठेवू लागलो. त्या मागणारा मुलगा मात्र दिवाळीनंतरच वसतिगृह सोडून गेला होता.