व्होल्टेज उतरलं की गिझर का रेंगाळतो?

प्रश्न : आमच्या गिझरवर २३० व्होल्ट, २००० वॉट असं छापलंय. संध्याकाळी व्होल्टेज १८० पर्यंत उतरतं आणि पाणी लवकर तापत नाही. यामुळे बिल वाढेल का?

उत्तर : फारसं नाही. वॉटला व्होल्टने भागलं की करंट मिळतो : २००० ÷ २३० = ८.७ अँपिअर. (म्हणूनच गिझरला १६ अँपिअरचं सॉकेट लागतं, ६ अँपिअरच्या प्लगवर तो चालवू नका.) व्होल्टला करंटने भागलं की रोध येतो, सुमारे २६.५ ओहम. कॉइलचा हा रोध जवळपास कायम राहतो. मग १८० व्होल्टला करंट उरतो ६.८ अँपिअर आणि शक्ती १८० × ६.८, म्हणजे जेमतेम १२२५ वॉट. व्होल्टेज बावीस टक्के घटलं, पण शक्ती तब्बल एकोणचाळीस टक्क्यांनी घटली! कारण व्होल्टेजबरोबर करंटही उतरतो. पाण्याला उष्णता तेवढीच लागते, त्यामुळे वेळ दीडपटीहून जास्त जातो, युनिट मात्र साधारण तितकीच पडतात.

पंपाच्या मोटरला हे गणित लावू नका. कमी व्होल्टेजवर ती उलट जास्त करंट ओढते आणि जळू शकते. त्या वेळी पंप बंदच ठेवा.