पावसाचा ऊस

चि. सोनीस,


तू पाठवलेलं शब्दांचं चित्र काल रात्री निवांत पाहिलं. द्राक्ष बागायतदारांचा व्हॉट्सॲप ग्रुप, तीन हंगामांचे मेसेज, आणि चित्राच्या मधोमध सगळ्यात मोठा शब्द कोणता, तर 'ऊस'. तात्यांनी विचारलं म्हणे, 'आपल्या ग्रुपात ऊस कुणी लावला?' त्यावर 'प्रोग्रामनं काढलंय ते' एवढं सांगून तू विषय मिटवलास. तात्यांचा प्रश्न मिटवण्यासारखा नव्हता. तुझ्या अख्ख्या प्रोजेक्टमधला सगळ्यात कामाचा प्रश्न तोच आहे, म्हणून रात्रीच पत्र लिहायला बसले.

'पाऊस' हा शब्द कागदावर सुटा करून लिही. प, काना, ऊ, स. आता बघ. युनिकोडमध्ये काना, वेलांटी, उकार, मात्रा, हलन्त ही चिन्हं 'अक्षर' या वर्गात नाहीत, ती 'खूण' या वर्गात आहेत. तू शब्द मोजायला सायकिट-लर्नमधला काउंटव्हेक्टरायझर घेतलास. त्याला वेगळं काही सांगितलं नाही, तर तो पायथॉनच्या बॅकस्लॅश-डब्ल्यू या नियमानं शब्द तोडतो, आणि त्या नियमात फक्त अक्षरं, आकडे नि अंडरस्कोर बसतात. म्हणजे काना आला की शब्द तुटला. पाऊसचे 'प' आणि 'ऊस' असे दोन तुकडे होतात. वर त्याची आणखी एक अट असते: तुकडा किमान दोन अक्षरांचा हवा. 'प' गळतो आणि 'ऊस' उरतो. तीन हंगाम बागायतदारांनी पावसाची काळजी केली, ती तुझ्या तक्त्यात उसाच्या नावावर जमा झाली.

ऊस निदान डोळ्यांना दिसला तरी. जे दिसलंच नाही, त्यानं मला जास्त अस्वस्थ केलं. 'भुरी' या रोगाचं नाव तोडून बघ: भ आणि र, दोन्ही एकेकटे, दोन्ही गळाले. 'बाग' गेली, 'भाव' गेला, 'पाणी' गेलं. 'द्राक्ष' या शब्दातलं प्रत्येक अक्षर हलन्तानं नाहीतर कान्यानं सुटं होतं, त्यामुळे द्राक्ष बागायतदारांच्या ग्रुपातून द्राक्षच नाहीसं झालं. 'डावणी' या दुसऱ्या रोगाचा 'वण' उरला, 'फवारणी'चे 'फव' आणि 'रण'. आणि एवढं होऊन प्रोग्राम एकदाही अडला नाही, एकही एरर आली नाही.

उपाय अवघड नाही. शब्द तोडायचा नियम तू स्वतः दे: देवनागरीची सगळी चिन्हं एकत्र धरणारा, दंड आणि आकडे बाजूला काढणारा. पण त्याआधी एक काम कर. 'शेतकऱ्यांना' हा शब्द लोक दोन तऱ्हांनी टाइप करतात. कुणाच्या कीबोर्डवर ऱ हे स्वतंत्र अक्षर असतं, तर कुणाच्या कीबोर्डवर साधा र, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, मोजताना मात्र दोन वेगळे शब्द होतात. शिवाय तो जॉइनर देवनागरीच्या पट्ट्यात मोडत नाही, म्हणून तुझा नवा नियमसुद्धा शब्द नेमका तिथेच तोडेल. युनिकोडचं नॉर्मलायझेशन हे दोन एकत्र करत नाही. एक रूप ठरव आणि शब्द तोडण्याआधीच सगळीकडे ते बदलून घे.

आता तारखा. यात मी स्वतः पोळले आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत ग्राहकांच्या चॅटचं काम माझ्याकडे होतं. एका महिन्यात उसळलेल्या तक्रारी माझ्या अहवालात वर्षभर पसरलेल्या निघाल्या. पायथॉनमधलं पँडाज, वेगळं काही सांगितलं नसेल तर, तारीख आधी महिना मग दिवस अशी वाचतं. 2023 मध्ये 2.0 आवृत्ती आली, तोपर्यंत ते प्रत्येक तारखेचा वेगळा अंदाज बांधायचं: 05/10 झाली 10 मे, आणि 15/10 मात्र बरोबर 15 ऑक्टोबर. पंधरा दिवस मी ग्राहकांच्या वागण्याची कारणं शोधत होते आणि कारण माझ्याच एका ओळीत होतं. तुझ्या कामात हे फार महाग पडेल. ऑक्टोबर छाटणीनंतर, कोवळ्या फुटीवर पडलेला पाऊस आणि मे महिन्यातला पाऊस यांत काय फरक असतो, ते तात्यांना विचार. तेव्हा तारखेचा साचा पूर्ण लिहून दे, अंदाजावर सोडू नकोस. जी तारीख साच्यात बसली नाही ती रिकामी करून पुढे जाऊ नकोस. अशा किती निघाल्या ते मोज आणि त्या ओळी उघडून वाच. एक्स्पोर्ट दुसऱ्या कुणाच्या फोनवरून घेतलंस, तर साचा पुन्हा तपास, कारण तारखेची मांडणी त्या फोनच्या सेटिंगप्रमाणे बदलते. वेळ आणि 'पीएम' यांच्यामध्ये कधीकधी साधी स्पेस नसून वेगळीच अरुंद स्पेस असते. साधी स्पेस शोधणारा नियम तिथे फसतो.

आणि ज्या ओळीला तारीखच नाही, ती कचरा नव्हे. जाणता माणूस फवारणीचं वेळापत्रक लिहितो तेव्हा औषध एका ओळीत, प्रमाण दुसऱ्या ओळीत, तिसरीत 'संध्याकाळी मारा' असं लिहितो. तारीख फक्त पहिल्या ओळीला लागते. ओळीमागून ओळ वाचणाऱ्या तुझ्या कोडनं अशा खालच्या ओळी टाकून दिल्या असतील. ग्रुपातलं सगळ्यात मोलाचं ज्ञान त्याच ओळींत असतं गं. त्या वरच्या मेसेजला जोड.

नंबरांबद्दल मात्र मी कडक बोलणार आहे. ज्यांची नावं फोनमध्ये सेव्ह नाहीत, त्यांचे नंबर फाइलमध्ये उघडे असतात. कुणाला उद्देशून लिहिलं असेल, तर मजकुरातही असतात. तू ते हॅश केलेस आणि सुरक्षित झाले असं लिहिलंस. ते झालेले नाहीत. आपले मोबाइल नंबर दहा आकडी, 6 ते 9 नं सुरू होणारे. म्हणजे फार तर 400 कोटी शक्यता. साधा लॅपटॉप काही तासांत सगळ्यांचे हॅश काढून जुळवून देईल. त्याऐवजी 'शेतकरी 1', 'शेतकरी 2' अशा खुणा दे, त्याही क्रम ढवळून, आणि यादी प्रोजेक्टच्या फोल्डरात ठेवू नकोस. त्या ग्रुपात कुणी कर्जाचं लिहिलं असेल, कुणी घरातल्या आजारपणाचं. त्यांनी ते एकमेकांसाठी लिहिलं होतं, तुझ्या परीक्षकांसाठी नाही. म्हणून ग्रुपवर एक मेसेज टाकून परवानगी मिळाली असं धरू नकोस. जमेल तेवढ्यांना भेट, काय मोजणार आहेस ते त्यांच्या शब्दांत सांग, आणि जो नको म्हणेल त्याचे मेसेज काढून टाक, कारण विचारू नकोस.

या रविवारी लॅपटॉप बंद ठेव. मूळ फाइलमधल्या शंभर ओळींचा प्रिंट काढ, नंबर काळे कर, आणि ज्यांनी होकार दिलाय त्यांच्याच ओळी घेऊन तात्यांच्या शेजारी बस. पेन्सिलीनं 'पाऊस', 'भुरी', 'डावणी' यांना गोल करून हातानं मोज. मग त्याच शंभर ओळी प्रोग्रामला दे. आकडे जुळेपर्यंत पुढच्या मेसेजना हात लावू नकोस. कुठे अडलीस तर रात्री नऊनंतर फोन कर, मी जागी असते.

तात्यांना नमस्कार सांग. त्यांचा प्रश्न तुझ्या अहवालाच्या पहिल्या पानावर, त्यांची हरकत नसेल तर, त्यांच्या नावानिशी आलेला मला आवडेल.

तुझी,
मावशी