बाळंतिणीच्या मनाची विचारपूस



लागणीनंतर आपण फड फिरून नांग्या भरतो. घरात मात्र बाळाचे कौतुक होते, आईच्या मनाची विचारपूस राहते. पहिल्या आठवड्यात रडू येणे साधारण आहे. दोन आठवड्यांपुढे उदासी राहिली, बाळाची ओढ वाटेना, तर तो आजार समजावा. नखरे किंवा बाधा नव्हे.

गोव्यात उदास गरोदर बायांकडे गावातल्याच आयांना शिकवून पाठवले. २०१९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्याने फायदा दिसला. आपल्या जाणत्या बायांनीही आठवड्याला एक फेरी करावी. ऐकून घ्यावे, तासभर बाळ सांभाळून तिला झोपू द्यावे. उपदेश नको. जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलली तर एकटी सोडू नये, लगेच दवाखान्यात न्यावे. टेलिमानसचा मोफत क्रमांक १४४१६.