न्हाणीघरातील पंखा आणि हवेचा मार्ग

न्हाणीघराच्या छतातील एक्झॉस्ट पंखा फिरत असतो, तरीही भिंती ओलसर राहतात आणि कोपऱ्यांत बुरशी धरते. भिलाईलगतच्या चरोदासारख्या गावी पावसाळ्यात बाहेरची हवाच दमट असते. तेव्हा हा दोष अधिक जाणवतो. नवा पंखा आणण्यापूर्वी हवेचा मार्ग तपासावा.

३० अंश सेल्सियस तापमानाच्या एक घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम बाष्प मावते. ते बाहेर जायचे, तर जितकी हवा बाहेर पडते तितकीच आत आली पाहिजे. पातळ कागदाचा तुकडा पंख्याच्या जाळीशी धरावा. दार बंद असता तो गळून पडला आणि दार किंचित उघडताच चिकटून राहिला, तर दाराखाली फट ठेवणे एवढाच उपाय पुरेसा होय.

तसे न झाल्यास वीजप्रवाह मुख्य बटनापासून बंद करून छतावरील नळी पाहावी. तिच्या टोपीत पालापाचोळा वा घरटे अडकते. झडप गंजून मिटलेली राहते. नळी अरुंद नसावी, कारण व्यास निम्मा झाला की छेदाचे क्षेत्रफळ चौथाईच उरते. वळणेही कमीत कमी असावीत.

गॅस गिझर असल्यास मात्र पंख्यावर विसंबू नये. त्यातून निघू शकणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. पण तो प्राण घेतो. असा गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेतच बसवावा.