दोन चाकांवर पृथ्वीप्रदक्षिणा

15 ऑक्टोबर 1923 हा दिवस. मुंबई शहरातून सहा तरुण आपापल्या सायकलींवर स्वार होऊन बाहेर पडले. आदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भूमगरा, गुस्ताद हाथीराम, केकी पोचखानवाला आणि नरिमन कपाडिया ही त्यांची नावे. सहाही जण पारशी होते आणि मुंबईतील वेटलिफ्टिंग क्लबचे सभासद होते. सायकलवरून साऱ्या पृथ्वीला प्रदक्षिणा घालून पुन्हा मुंबईस यावयाचे, असा त्यांचा संकल्प होता.

या संकल्पाचे बीज 1920 साली पडले. युरोपातून पायी चालत हिंदुस्थानात आलेल्या एका फ्रेंच प्रवाशाचे व्याख्यान मुंबईच्या ओव्हल मैदानावर झाले. त्यातून या तरुणांना जग पाहण्याची प्रेरणा मिळाली.

सायकल हे साधे वाहन. पण ते स्वाराची पुरी परीक्षा घेते. त्यांच्या सायकलींना इंजीन नव्हते. स्वाराचे पाय हीच त्यांची शक्ती. म्हणून जमिनीचा प्रत्येक चढउतार आणि हवेतील प्रत्येक बदल स्वाराला अंगावर सोसावा लागतो. चढ लागला की मांड्या भरून येतात. समोरून वारा सुटला की सपाट रस्ताही चढासारखा भासतो. वाळूत चाक रुतते, चिखलात ते घसरते. उतार सोपा वाटतो खरा. परंतु तेथेच ब्रेकवरचा हात अधिक सावध ठेवावा लागतो.

या सर्व परीक्षा त्या तरुणांना द्याव्या लागल्या. पंजाब आणि बलुचिस्तान ओलांडून ते इराणात शिरले. पुढे मेसोपोटेमियाचे वाळवंट आले. डोक्यावर तळपते ऊन, समोर वाळूची वादळे आणि घशाला कोरड, अशा स्थितीत त्यांनी बगदाद ते अलेप्पो हे 956 किलोमीटरांचे अंतर 23 दिवसांत कापले. कधी अन्न मिळेना, तर कधी पाणी. त्यानंतर सिनाईचे वाळवंट मागे टाकून ते युरोपात गेले. तेथे निसर्गाने अगदी उलट रूप दाखविले. काही काळापूर्वी उन्हाने भाजलेली तीच शरीरे आता आल्प्स पर्वताच्या कडाक्याच्या थंडीत 6,600 फूट उंचीवर चढत होती.

समुद्र मात्र सायकलने ओलांडता येत नाही. तेथे त्यांनी जहाजाचा आश्रय घेतला. अमेरिकेचा विस्तीर्ण देश त्यांनी पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत सायकलवरूनच पार केला. मग जपान, कोरिया, चीन, इंडोचायना, सयाम आणि ब्रह्मदेश असा प्रवास करीत ते परतीच्या वाटेला लागले.

सहा जण निघाले होते; परंतु तिघांनी निरनिराळ्या कारणांनी वाटेत साथ सोडली. जिवाभावाचा सोबती निघून गेला म्हणजे वाट अधिकच लांब वाटते. तरीही हकीम, बापासोला आणि भूमगरा यांनी संकल्प सोडला नाही. 18 मार्च 1928 रोजी ते तिघे मुंबईस परतले. चार वर्षे आणि पाच महिन्यांत त्यांनी सुमारे 71,000 किलोमीटर प्रवास केला होता. पुढे त्यांनी आपल्या प्रवासाचे पुस्तक लिहिले. त्याला पंडित जवाहरलाल नेहरूंची प्रस्तावना लाभली.

आज गिअरच्या आणि विजेवर चालणाऱ्या सायकली निघाल्या आहेत. विजेची मोटार चढावर स्वाराच्या पायांना साहाय्य करते. तथापि ऊन, वारा, पाऊस आणि वाळू ही पूर्वीचीच आहेत. 71,000 किलोमीटरांचा आकडा ऐकून छाती दडपते. परंतु त्या तिघांनी तो एका दिवसात गाठला नाही. दररोज पहाटे उठून त्या दिवसापुरती वाट त्यांनी चालून दाखविली, आणि अशा छोट्या वाटा जोडता जोडता पृथ्वीची प्रदक्षिणा पूर्ण झाली.

अभ्यास

1. सायकलस्वाराला जमिनीचे चढउतार अधिक का जाणवतात?
2. वाळवंटातील व आल्प्स पर्वतावरील प्रवासात कोणता फरक होता?
3. ‘छाती दडपणे’ व ‘घशाला कोरड पडणे’ यांचा वाक्यांत उपयोग करा.
4. नकाशात या प्रवाशांचा मार्ग दाखवा.