‘ते लोकच तसे’ म्हणण्याआधी

चि. छकुलीस,



टोकियोला पहिल्यांदा गेलेला आपल्याकडचा माणूस आठ दिवसांत घरी फोन करतो आणि बहुतेक वेळा एकच वाक्य बोलतो, ‘हे लोकच निराळे गं!’ रस्त्यावर कागदाचा कपटा दिसत नाही. लोकलमध्ये कुणी फोनवर बोलत नाही. सरकत्या जिन्यावर सगळे डावीकडे उभे. त्यानं पाहिलेलं सगळं खरं असतं, पण तेवढ्यावर थांबणाऱ्याला शहर नुसतं दिसतं, कळत नाही. तू तिथे नोकरीसाठी चालली आहेस, राहणार आहेस. म्हणून मामाचं सांगणं एवढंच, की प्रत्येक नवलामागचं कारण विचारत जा.

कचऱ्याचंच घे. नवखा माणूस चहाची रिकामी बाटली हातात घेऊन कचराकुंडी शोधत फिरतो आणि ती काही सापडत नाही. २० मार्च १९९५ रोजी ओम शिनरिक्यो पंथाच्या लोकांनी तिथल्या भुयारी रेल्वेत सारीन हा विषारी वायू सोडला. त्यानंतर घातपाताच्या भीतीनं स्थानकांतल्या आणि सार्वजनिक जागांतल्या कुंड्या हटवल्या गेल्या, त्यातल्या कितीतरी पुन्हा आल्याच नाहीत. लोक कचरा पिशवीत घालून घरी नेऊ लागले.

घरीही तो सरसकट टाकता येत नाही. जळणारा, न जळणारा, बाटल्या, डबे असं वेगळं करायचं आणि प्रत्येकाचा ठरलेला वार पाळायचा. चुकीच्या दिवशी ठेवलेली पिशवी गाडी उचलत नाही, चिठ्ठी चिकटवून तिथेच सोडून जाते. राहायला गेल्यावर चौदा दिवसांत वॉर्ड कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो, तेव्हाच तुझ्या भागातलं कचऱ्याचं वेळापत्रक मागून घे.

हे शहर मुळापासून असं स्वच्छ नव्हतं. १९६४च्या ऑलिम्पिकआधी टोकियो साफ करण्यासाठी मोठी मोहीम काढावी लागली, तेव्हा सुमिदा नदीच्या पाण्याला दुर्गंधी येत असे. १९७१ साली गव्हर्नर र्‍योकिची मिनोबे यांनी तर ‘कचरायुद्ध’च जाहीर केलं. साऱ्या शहराचा कचरा कोतो भागात येऊन पडत होता आणि सुगिनामीचे रहिवासी आपल्याकडे कचरा जाळण्याचा कारखाना होऊ देत नव्हते. शेवटी कोतोच्या लोकांनी सुगिनामीच्या कचरागाड्या अडवल्या. चियोदा वॉर्डानं रस्त्यावर सिगारेट ओढणाऱ्यांना दंड करायला सुरुवात केली तीही २००२ साली. आज दिसणारी शिस्त भांडणं, दंड आणि अनेक वर्षांची शिकवण यांतून आली आहे.

रेल्वेतही तेच. शिंजुकू स्थानकात कोरोनापूर्वी रोज तीस लाखांहून जास्त माणसांची ये-जा होत असे. एवढी गर्दी वेळेवर हलवायची तर सेकंदसुद्धा मोजावे लागतात. २०१७च्या नोव्हेंबरात त्सुकुबा एक्स्प्रेसची एक गाडी वीस सेकंद आधी सुटली आणि कंपनीनं जाहीर माफी मागितली. फलाटावर गणवेशातला कर्मचारी सिग्नलकडे बोट दाखवून मोठ्यानं बोलताना दिसेल. नवख्याला ते विचित्र वाटतं. पण डोळा, हात आणि आवाज एकाच कामाला जुंपले की हातून होणाऱ्या चुका कमी होतात, म्हणून ती पद्धत पडली आहे. जपानच्या रेल्वे संशोधन संस्थेनं १९९४ साली केलेल्या प्रयोगात अशा चुका सुमारे ८५ टक्क्यांनी घटल्या होत्या.

याच गाड्यांत गर्दीच्या वेळी बायकांचा वेगळा डबा असतो. मुंबईकरणीला त्यात नवल वाटणार नाही, कारणही तेच आहे. शांत गर्दीतही अंगचटीला जाणारे असतात आणि त्या शांततेत ओरडायला बाईला संकोच वाटतो. टोकियो पोलिसांच्या ‘डिजी पोलिस’ या अॅपमध्ये मदत मागणारा मजकूर फोनच्या पडद्यावर दाखवण्याची सोय आहे. ते उतरवून ठेव. वेळ आलीच तर तिथल्या शांततेचा मान राखत बसू नकोस, ओरड.

हरवलेलं पाकीट परत मिळाल्याच्या गोष्टी तू ऐकल्या असशील. त्याही खऱ्या आहेत. पण त्या प्रामाणिकपणाच्या पाठीशी नाक्यानाक्यावरची ‘कोबान’ ही छोटी पोलिसचौकी आहे आणि कायदाही. मालक सापडला तर शोधणाऱ्याला किमतीच्या पाच ते वीस टक्के बक्षीस मागता येतं. तीन महिन्यांत कुणी आलं नाही, तर बहुतेक वस्तू शोधणाऱ्यालाच मिळतात.

जेवणाबाबत तू शाकाहारी म्हणून जास्त सावध राहा. ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही. तिथल्या सूप-रश्शांचा पाया ‘दाशी’, आणि ती बहुधा वाळवलेल्या बोनिटो माशाची असते. साध्या दिसणाऱ्या मिसो सूपमध्येही ती असते, म्हणून मासाही नको हे वेगळं सांग. बौद्ध मठांतून आलेलं ‘शोजिन र्‍योरी’ हे जेवण मात्र परंपरेनं शाकाहारी आहे. चॉपस्टिक भातात उभ्या खोचू नकोस आणि एकाच्या चॉपस्टिकमधला घास दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये देऊ नकोस. पहिली रीत मृतापुढे ठेवायच्या भाताची आहे. दहनानंतर अस्थी वेचताना दुसरीसारखंच करतात. अशा वेळी तिथली माणसं रागावत नाहीत, पण त्यांच्या पोटात कालवतं.

घरची आठवण आली की निशी-कासाईला जा. एदोगावा वॉर्डातल्या या वस्तीत भारतीय कुटुंबं भरपूर आहेत, डाळ-मसाले मिळतात. पुण्यात शिकलेले योगेंद्र पुराणिक २०१९ साली याच वॉर्डाच्या सभागृहात निवडून आले. आपल्या माणसांत राहून शेजारच्यांचं काम हाती घेता येतं, हे त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे. सणावाराला तिथे जरूर जा, पण रोजचा शेजार जपानी असू दे.

आणि एक दुपार मेजिरोसाठी राखून ठेव. यामानोते मार्गावरच्या या स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर १९०१ साली स्थापन झालेलं जपान महिला विद्यापीठ आहे. त्याची माहितीपुस्तिका धोंडो केशव कर्व्यांच्या हाती पडली. ती वाचून ‘जपानी लोकच पुढारलेले’ असं म्हणून त्यांनी ती बाजूला ठेवली नाही. तिथे काय शिकवतात, कशासाठी आणि कसं, हे त्यांनी नीट पाहिलं, आपल्याकडे त्यातलं काय जमेल याचा विचार केला आणि १९१६ साली पुण्यात महिला विद्यापीठ सुरू केलं. आज ज्याला आपण एस.एन.डी.टी. म्हणतो ते हेच. तुझी आई तिथेच शिकली. तेव्हा मेजिरोला जाऊन ये आणि काय पाहिलंस, कुणाला काय विचारलंस, ते तिला सविस्तर लिही.

तुझा,
मामा